बाटलीहिरव्या सोफ्यामागची भिंत

किकिंडा, १४ ऑक्टोबर

वन्सं,

नऊ वर्षांनी पत्र आणि तेही सोफ्याबद्दल, हे वाचून तुमच्या भुवया कुठे गेल्या असतील ते मला इथूनही दिसतंय. पण काय करणार? आमचा नंबर दिसला की तुम्ही फोन उचलत नाही. म्हणून बसवाल्या झार्कोच्या हाती हे देतेय. तो उद्या सकाळी व्हिएन्नाला पोचला की तुमच्या दुकानात आणून देईल. सोबत भाजलेल्या लाल मिरच्यांच्या चटणीची बरणी आहे. पत्र फाडलंत तरी बरणी फेकू नका, यंदा मिरच्या फार छान निघाल्यात.

तर गोष्ट अशी. तुमच्या भावाने सोफा आणला. मला न विचारता, अर्थात. मोम्चिलोला एकदा झटका आला की आला. बाटलीच्या काचेसारखा गर्द हिरवा, मखमली, आणि एवढा लांबलचक की दारातून आत घेताना चौकटीचा टवका उडाला. सोफा वाईट नाही. बसलं की उठवत नाही. पण आपल्या बैठकीच्या खोलीची भिंत तुम्हाला आठवतेय ना? गुलाबी, आणि तिच्यावर बाबांनी रोलरने काढून घेतलेली चंदेरी पानं. त्या भिंतीपुढे हा हिरवा सोफा ठेवला आणि आम्ही दोघं दारात उभे राहून बघत बसलो. कापलेलं टरबूज, वन्सं! तुमचा भाऊसुद्धा हसला आणि मग रागावला.

तो म्हणतो पांढरा लावू. मी म्हटलं, पांढरा म्हणजे दवाखाना. मी बदामी आणून कोपऱ्यात हातभर लावून बघितला, तर तो संध्याकाळी दिव्यात सांडलेल्या कॉफीसारखा दिसायला लागला. राखाडी लावला तर हिरवा काळाच पडला. आता भिंतीवर तीन चौकोन आहेत आणि येणारा-जाणारा प्रत्येक जण आपलं मत देऊन जातो. तुम्ही दिवसभर लोकांना सोफे आणि पडदे जुळवून देता. तुमच्याइतकी नजर आमच्यात कुणाला आहे? खोलीची खिडकी उत्तरेला आहे हे तुम्हाला सांगायला नको.

पाकिटात कापडाचा तुकडा आहे. सोफ्याच्या खालून, जिथे कुणी बघत नाही तिथून, कात्रीने कापलाय. मोम्चिलोला कळलं तर माझी धडगत नाही. तो तुकडा उजेडात धरा आणि रंग सांगा.

आई बऱ्या आहेत. थंडी सुरू झाली म्हणून त्यांची कॉट मागच्या खोलीतून बैठकीच्या खोलीत, शेगडीजवळ आणलीय. तुमच्या लेकीला, निनाला, पापा.

तुमची भावजय,
झोर्का

किकिंडा, २२ ऑक्टोबर

वन्सं,

उत्तर नाही. झार्को म्हणाला, तुम्ही बरणी घेतलीत, पाकीट खिशात घातलंत आणि गिऱ्हाइकाकडे वळलात. फाडलं नाहीत एवढंच मी धरून चालले आहे.

चौकातल्या झाडांवर घुबडं परत आलीत, ओळीने बसून असतात. मी खिडकी लावायला गेले तर आई म्हणाल्या, "असू दे उघडी. ती काही माझ्यासाठी आलेली नाहीत, दरवर्षी येतात."

गेल्या पत्रात मी लिहिलं होतं की आई बऱ्या आहेत. ते खोटं होतं. शेगडीची ऊब हे निमित्त. त्यांना आता मागच्या खोलीत एकटं ठेवता येत नाही. पोटात गाठ आहे. नोवी सादच्या डॉक्टरांनी उघडून बघितलं आणि तसंच शिवून घरी पाठवलं. हे मी लिहायचं नाही असं मोम्चिलोने बजावलं होतं. तो म्हणतो, "तिला दयेपोटी बोलवायचं नाही. यायचं असेल तर आपणहून येईल." आईंचंही तेच. तुम्ही तिघंही एका मुशीतले, आणि मधे मी.

परवा काय झालं ते सांगते. शेजारची एतेल्का आली. ती हंगेरियन, तिच्यात आपले रिवाज नाहीत, पण ते सगळे तिला पाठ. भिंतीवरचे चौकोन बघितले, कॉटकडे बघितलं आणि मला स्वयंपाकघरात ओढून नेलं. "झोर्का, काय ते पटकन ठरव आणि रंगवून टाक. तुमच्यात माणूस गेलं की वर्षभर भिंतीला ब्रश लावत नाहीत ना? मग बसशील वर्षभर टरबुजात."

तिची कुजबूज म्हणजे रस्त्यापलीकडच्या माणसालाही ऐकू जावी अशी. आतून आईंचा आवाज आला, "एतेल्का, मी मरायला टेकलेय, बहिरी झालेली नाही. चौथा चौकोन कुठला ते आत येऊन सांग."

एतेल्का लालबुंद झाली आणि निघून गेली. मी मात्र तिथेच ओट्याला धरून उभी राहिले. कारण वन्सं, तिने जे तोंडाने म्हटलं ते माझ्या मनात आठवडाभर होतं. रंगारी गावरा नोव्हेंबरच्या सुरुवातीलाच मोकळा आहे हे ऐकून मी पहिल्यांदा काय मोजलं असेल? मला माझीच शिसारी आली. ज्या बाईने मला पीठ मळायला शिकवलं, ती रंग सुकेपर्यंत टिकेल का, याचा मी हिशोब करत होते.

आणि तुम्हाला लिहिताना ही गोष्ट टाळून कशी चालेल? नऊ वर्षांपूर्वी बाबा मार्चमध्ये गेले आणि जूनमध्ये तुम्ही तुमची भिंत पिवळी केलीत. चुलतभावाने फोटो आणून दाखवला, तांबडा सोफा, मागे पिवळीधमक भिंत. बाबांच्या सहा महिन्यांच्या जेवणाला, सगळ्या पाहुण्यांसमोर, आई तुम्हाला काय म्हणाल्या ते मी लिहीत नाही. तुम्ही हातातला पाव ताटात ठेवलात, निनाला उचललंत आणि गेलात. का रंगवली ते तुम्ही सांगितलं नाहीत आणि कुणी विचारलंही नाही. मीसुद्धा नाही.

तेव्हापासून आईंनी आपल्या भिंतीला हात लावू दिला नव्हता. वर्ष झालं, पाच झाली, तरी रंगाचं नाव काढू देत नव्हत्या. आता सोफा आल्यावर पहिल्यांदा म्हणाल्या, "बघा, कुठला शोभतो ते." मी तेवढ्यावर तुम्हाला पत्र लिहिलं. मी रंग विचारतेय, आणि रंगाच्या आड तुम्हाला बोलावतेय. आता उघडच बोलावते. या.

झोर्का

किकिंडा, ३० ऑक्टोबर

वन्सं,

तुमचा झार्को! त्याची जीभ म्हणजे ब्रेक नसलेली बस. पण त्याला मी आज पोटभर जेवायला घातलं, का ते सांगते.

नेहमी मी स्टँडवर जाऊन पार्सल आणते. आज तो स्वतःच घरी आला, कारण त्याला आजींची तब्येत विचारायची होती. मी स्वयंपाकघरातून हात पुसत येईपर्यंत तो आईंच्या कॉटशेजारी स्टूल ओढून बसला होता. मोम्चिलो नव्या सोफ्यावर, पाय लांब करून.

"हे घ्या, व्हिएन्नाहून," म्हणत झार्कोने तुमचं रंगांच्या पट्ट्यांचं शेड कार्ड काढलं. चिठ्ठी नाही, सही नाही. एका पट्टीवर नखाने ओरखडा ओढलेला. कपाटावर वासासाठी बिहीची फळं ठेवतो ना आपण, ती पिकल्यावर जो पिवळा येतो, तोच.

मोम्चिलो ताडकन उठून बसला. "पिवळा? परत पिवळाच? मुद्दाम पाठवलाय हा. आईला डिवचायला पाठवलाय."

मला तसंच वाटलं, वन्सं, खोटं कशाला बोलू. मी कार्ड उचलायला गेले, तेवढ्यात झार्को म्हणाला, "आणि निरोप आहे. यागोदाताई म्हणाल्या, रंग लावायच्या आधी भिंतीला ओल आहे का बघा. असली तर तिच्यावर तसाच रंग मारू नका, खालपर्यंत खरवडून काढा. त्यांच्याकडे भिंतीत काळी बुरशी झाली होती आणि मुलगी खोकून खोकून निळी पडायची. डॉक्टर म्हणाले, भिंत काढा नाहीतर पोरीला घेऊन घर सोडा. मग नवऱ्याने आणि त्यांनी मिळून सगळी भिंत खरवडली."

झार्कोला वाटलं, त्याचं सांगणं आम्हाला समजलं नाही. तो पुन्हा म्हणाला, "ओल हो, ओल."

आईंनी उशीवरून मान वळवली. "कधी झालं हे?"

"ते काय माहीत, आजी. मुलगी तान्ही होती म्हणाल्या."

"झोर्का," आई मला म्हणाल्या, "माझा सावा गेला, त्या मार्चमध्ये निना केवढी होती?"

"एक महिन्याची."

"म्हणजे जूनमध्ये चार महिन्यांची." मोम्चिलो खिडकीकडे तोंड करून उभा होता. झार्कोने टोपी हातात फिरवली. आईंनी हात पुढे केला आणि कार्ड मागितलं. मी दिलं. त्यांनी ते सोफ्याच्या दिशेने धरलं, एक डोळा मिटून, बाबा लाकूड बघायचे तसं.

"मी विचारलं नाही," त्या म्हणाल्या. "आणि तिनेही सांगितलं नाही. परत येऊन भांडलीसुद्धा नाही, कार्टी."

"आई, ती आता..." मोम्चिलो म्हणाला.

"तू गप्प बस. तूही विचारलं नाहीस. गावराला बोलाव. हाच रंग. हिरव्याला हाच शोभेल, दिसत नाही का तुला?"

खरंच शोभतो. मी नंतर कार्ड सोफ्याच्या हातावर ठेवून बघितलं. हिरवा उजळतो आणि उत्तरेचा उजेडही जरा उबदार वाटतो. तुम्ही डिवचायला पाठवला नव्हता हे मला तेव्हा पटलं. तुम्ही रंग जुळवून पाठवला होता, बस.

आई हल्ली दोन चमचे सूप घेतात, तेही माझ्या धाकाने. शुक्रवारी झार्कोची बस परत इकडे येते. त्यात बसा.

झोर्का

किकिंडा, ७ नोव्हेंबर

वन्सं,

शुक्रवारी मी स्टँडवर होते. तुम्ही उतरला नाहीत. मी शेवटचा माणूस उतरेपर्यंत थांबले आणि मग झार्कोने मला घरी सोडलं. वाटेत तो एक शब्द बोलला नाही, म्हणजे मी किती रागावलेली दिसत असेन ते समजा. दुकान सोडता येत नाही, निनाची शाळा, मला सगळं समजतं. तरीही राग आला.

कालपासून गावरा कामाला आहे. वर्तमानपत्राची टोपी डोक्यावर, खिशात ब्रँडीची चपटी बाटली, तोंडाने अखंड शीळ. आम्ही म्हटलं आईंना दोन दिवस मागच्या खोलीत नेऊ, वासाने त्रास होईल. तर म्हणाल्या, "माझी भिंत, मी बघणार." मग कॉटवर प्लास्टिक टाकलं, खिडकी सताड उघडी, आई कानापर्यंत रजईत, आणि तिथून हुकूम.

"गावरा, तिथे पान राहिलंय."

"काढतो, काकू."

"ओल बघितलीस का?"

"काकू, ही भिंत माझ्यापेक्षा कोरडी आहे."

"मग तू बाटली ठेव खाली, तूही कोरडा राहा."

त्यांनी हसायला लावलं आम्हाला. मोम्चिलोसुद्धा हसला. गावराने खिडकीच्या बाजूने सुरुवात केली, चंदेरी पानं खरवडली, खड्ड्यांत लांबी भरली, घासली, आणि आज सकाळी पहिला हात दिला. दुपारी दुसरा. सोफ्याच्या मध्यापर्यंत आला तेव्हा आई म्हणाल्या, "थांब."

तो रोलर हवेत धरून थांबला.

"एवढंच. सामान आवर."

"काकू, अर्धीच झालीय."

"दिसतंय मला. आवर."

गावराने माझ्याकडे बघितलं, मी मोम्चिलोकडे. मोम्चिलो कॉटशी गेला, हळू आवाजात म्हणाला, "आई, तुला थकवा आलाय. तू झोप, तोवर तो उरकून टाकेल." त्यावर आईंनी त्याच्याकडे असं बघितलं की तो लहानपणी कसा दिसत असेल ते मला कळलं.

"मी शुद्धीवर आहे. उरलेली राहू दे. डब्यात रंग किती आहे?"

"अर्ध्याहून जास्त," गावरा म्हणाला.

"झाकण नीट लाव."

तेव्हा आता आपल्या भिंतीचं असं झालंय: डावीकडे बिहीचा पिवळा, उजवीकडे गुलाबी आणि चंदेरी पानं, आणि मधोमध हिरवा सोफा. मोम्चिलो म्हणतो, औषधाचा परिणाम. मला नाही वाटत तसं. पण का ते त्या सांगत नाहीत आणि मला विचारायची भीती वाटते. दिवसभर त्या उजव्या बाजूकडे बघत पडून असतात.

मी तुम्हाला कशी समजावू? त्या तुमचं नाव घेत नाहीत. पण आज दुपारी झार्कोच्या बसचा हॉर्न ऐकून त्यांनी मान उचलली. या, वन्सं. मला हे परत लिहायला लावू नका.

झोर्का

किकिंडा, १७ नोव्हेंबर

वन्सं,

मी तुम्हाला बघितलं.

दफनभूमीच्या फाटकाशी, शेवंतीवाल्या बाईच्या मागे, काळा स्कार्फ कपाळापर्यंत ओढून तुम्ही उभ्या होतात. शेजारी एक उंच पोरगी. ती निना असणार, तिची हनुवटी आईंची आहे. पाद्रीबाबांचं चालू होतं, मोम्चिलोने माझा दंड धरून ठेवला होता, मी हाक मारू शकले नाही. माती देऊन झाल्यावर पळत आले तर तुम्ही नव्हतात. झार्को म्हणाला, त्यानेच तुम्हाला कळवलं होतं आणि तुम्ही त्याच्याच बसने परत जायला बसलात. त्याने म्हटलं, घरी तरी जाऊन या. तुम्ही म्हणालात, "त्या घरातून मला उठवलंय. जिने उठवलं तीच बसवू शकते, आणि ती आता नाही."

वन्सं, तिने बसवलंय. तुम्ही तेवढ्यासाठी थांबायला हवं होतं. मला तुमचा फार राग आलाय, आणि तुम्ही समोर असतात तर मी आधी मिठी मारली असती की आधी ओरडले असते, मला माहीत नाही.

गेल्या बुधवारी संध्याकाळी त्यांना जरा हुशारी होती. मला आणि मोम्चिलोला दोघांना बोलावलं. म्हणाल्या, "उरलेली भिंत यागोदा रंगवेल."

मोम्चिलो म्हणाला, "येईल ती, आई. तू बरी हो, तोवर..."

"तोवर नाही. मी गेल्यावर. मला पुरून झालं की लगेच."

मोम्चिलो हळूच म्हणाला, "आई, वर्ष पाळायचं असतं. तूच तर..."

"मीच. म्हणून मीच सांगतेय. माझं वर्ष पाळायचं नाही. चाळिसाव्या दिवसाच्या जेवणाआधी तिने ही भिंत रंगवायची, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. कुणी काही बोललं तर सांगा, पेर्सिदाचा हुकूम आहे." मग माझा हात धरला. बोटं अगदी हलकी झाली होती. "मी तिला अन्नावरून उठवलं, झोर्का. तान्हं पोर मांडीवर होतं तिच्या." आणि त्या रडल्या. इतक्या वर्षांत मी त्यांना फक्त बाबांच्या वेळी रडताना बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. मी ओठ ओले करत होते.

काल दफनानंतर जेवणाला सगळे आले. आधी मेणबत्तीकडे, मग भिंतीकडे बघायचे. एतेल्का म्हणाली, "अगं बाई, अर्धी पिवळी!" तुमच्या ओल्गामावशीने तीनदा क्रूस केला आणि विचारलं की मेलेल्या माणसाच्या घरात रंगाचा डबा उघड्यावर कसा ठेवलाय. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुमचा भाऊ उठला. वन्सं, तो पिवळ्याला डिवचणं म्हणणारा माणूस, सगळ्यांसमोर म्हणाला, "माझी बहीण येऊन उरलेली रंगवणार आहे. आईने सांगितलंय." आणि बसून पाव मोडायला लागला.

गावराने विचारलं, पुरं करून देऊ का. मी त्याला परत पाठवलं. डब्याचं झाकण घट्ट लावलंय, रोलर प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलाय. सोफा भिंतीपासून पुढे ओढलाय, तुम्हाला मागे शिरता यावं म्हणून. मोम्चिलो येता-जाता त्याला पाय ठेचून घेतो, शिव्या देतो, पण मागे ढकलत नाही. मागच्या खोलीत तुमची आणि निनाची अंथरुणं घातलीत.

शुक्रवारच्या बसमध्ये झार्कोने तुमच्या दोन जागा धरल्यात. काळ्या कपड्यांतच या, दुसरे आणू नका. त्याबद्दलही त्यांनी सांगून ठेवलंय. मी आपलं विचारलं होतं, काळ्या कपड्यांवर पिवळे डाग पडतील, मग? तर म्हणाल्या, "पडू देत. धुऊ देऊ नकोस तिला. तशीच चाळिसाव्याला माझ्याकडे, थडग्याशी घेऊन ये."

तुमची वाट बघणारी,
झोर्का